आजोबांच्या दोऱ्याच्या पाच गाठी

"हळू! पृथ्वी पडेल ना!" टिटवी दबक्या आवाजात ओरडली.

"माझ्या हातून कधी खाऊ पडलाय का?" भोपळ्याने, तिच्या धाकट्या भावाने, आजोबांचा पृथ्वीगोल पोटाशी धरला.

एरवी ती दोघे आणि चुलतभाऊ चष्मिस, तिघेही हसले असते. आज कोणी हसले नाही. बाहेरच्या खोलीत आजोबा चिरनिद्रेत होते. सुट्टीसाठी जमलेल्या नातवंडांचे छत्र पहाटेच हरपले होते.

परदेशातून येणाऱ्या आत्याची वाट पाहायची नाही, असे मोठ्या काकांनी नुकतेच जाहीर केले होते. "तिकिटावर सुटायची वेळ नऊ, पोहोचायची पाच. आठ तासांचा प्रवास! विमान सुटताना तिचा फोन आला तेव्हा बारा वाजले होते. विमान तीन तास उशिरा सुटले. म्हणजे रात्रीचे आठ! इतके थांबणे शक्य नाही. साडेचारला स्मशानात निघायचे."

आजी दाराकडे पाहत राहिली.

"पण मागच्या सुट्टीत आत्या परत गेली, तेव्हा तिकिटावर दोनच तास दिसत होते!" आतल्या खोलीत टिटवी भावांना म्हणाली. "विमान जाताना हरिण आणि येताना कासव होते की काय?"

काकांचा मुलगा चष्मिस उडालाच. "अगं, तिथली घड्याळे आपल्या तीन तास मागे! सुटण्याची वेळ तिथली, पोहोचण्याची इथली. बाबांनी एकातून दुसरी वजा केली!"

टिटवीने गोलाला टोचलेला तांबडा दोरा पाहिला. एक टोक आपल्या विमानतळावर, दुसरे आत्याच्या. अंतर मोजून आजोबांनी विमानप्रवासाच्या प्रत्येक तासासाठी एक गाठ मारली होती. आत्या आकाशात असली की ते गाठीगाठीवरून बोट सरकवत बसत. जाताना पाच गाठी, येताना पाच गाठी.

"आपल्या बारात पाच मिळव!" टिटवी म्हणाली.

"पाच वाजता! विमानाला उशीर झालेलाच नाही!" चष्मिस ओरडला.

तिघे गोलासह बाहेर धावले.

"ही खेळायची वेळ आहे का?" काका कडाडले. "मला गणित शिकवू नका!"

"बाबा, एकदा विमानतळावर विचारा," चष्मिसने विनवले. "आमचे चुकले, तर आम्ही गप्प बसू."

काकांनी रागातच फोन लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"वेळेवर आहे," ते पुटपुटले. "पाचला."

आजी प्रथमच बोलली. "गाडीवाल्याला सांग, आम्ही थांबतो आहोत."

सायंकाळी आत्या आली. दारातच तिच्या हातून पिशवी गळून पडली. "बाबा, आले मी," एवढेच म्हणून तिने त्यांच्या थंड पायांवर कपाळ टेकले. कोणी तिला लवकर उठवले नाही.

परतल्यावर काकांनी मुलांना जवळ घेतले. "मी वडील असून घाई केली. तुम्ही लहान असून विचार केलात. आज तुम्ही मला जन्माच्या पश्चात्तापातून वाचवलेत, रे!" आजीने तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला.

काही दिवसांनी आत्या परत निघाली. "पोहोचले की फोन कुणाला करू गं आता?" तिने विमानतळावर टिटवीला विचारले. टिटवीने तिचा हात घट्ट धरला.

घरी येऊन ती आजोबांच्या खुर्चीत बसली. खुर्ची तिला फार मोठी होती. गोल मांडीवर घेऊन तिने पहिल्या गाठीवर बोट ठेवले आणि आजोबांसारखीच, मुळीच घाई न करता, वाट पाहू लागली.