बॉनेटवरचा मॅट काळा

दुर्गाप्रसादजींची फियाट कोहमाऱ्याहून टोचन लावून आणली, तेव्हा काम सोपं वाटलं होतं. कुडव्याला माझं रंगकामाचं गॅरेज आहे, मागं घर. फियाट बरीच वर्षं त्यांच्या धानाच्या गोदामात उभी होती, पण पत्रा चांगला होता. त्यांना ती जशीच्या तशी हवी होती. अंग क्रीम, बॉनेट मॅट काळं.

"बॉनेटची चमक डोळ्यावर नाही आली पाहिजे," एवढंच ते बोलले. म्हातारा मुळातच कमी बोलणारा.

आता मॅटचं दुखणं सांगतो. चकचकीत रंगावर डाग पडला तर पॉलिश मारून निघतो. मॅटला पॉलिश चालत नाही. जिथं हात घासला तिथं चमक येते, आणि तेवढाच तुकडा पुन्हा मारला तर जोड दिसतो. अख्खं बॉनेट घासून पहिल्यापासून मारावं लागतं.

पहिला रंग मस्त बसला. शाळेच्या पाटीसारखा काळा. शटर ओढून जेवायला गेलो, परत आलो तर बॉनेटच्या मधोमध दोन तळहात चमकत होते.

मी मंजूवर, माझ्या बायकोवर, भडकलो.

"कायले हात लावला?"

"मी कायले लावू? मी त गॅसपासून हालली नाही." ती येऊन वाकून बघू लागली. आपला हात ठशाच्या वर धरला. ठशाची बोटं तिच्यापेक्षा लांब होती. "हे पाहा… मनगटापाशी बांगडीची रेघ हाय."

मी ऐकून घेतलं नाही. घासलं, पुन्हा मारलं. दुसऱ्या दिवशी तेच. कॉम्प्रेसरमध्ये पाणी असेल म्हणून टाकी रिकामी केली. थिनर बदललं. खिडकीला प्लास्टिक ठोकलं. खांदे भरून आले होते, बाकीची गिऱ्हाइकं फोनवर शिव्या घालत होती, आणि ते दोन हात काही जात नव्हते.

मग एका दुपारी रंग मारून शटरला कुलूप लावलं आणि बाहेरच खाट टाकून बसलो. किल्ली खिशात. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पत्रे उन्हानं तडतडत होते, फटीतून थिनरचा वास येत होता. डोळा लागणार इतक्यात आतून आवाज आला. पत्र्यावर तळहात टेकल्याचा. मग घसटण्याचा… सावकाश, पुन्हा पुन्हा.

शटर उघडलं. आत कोणी नव्हतं. ठसे होते.

मी तिथूनच फोन लावला. "काकाजी, तुमच्या गाडीवर रंग टिकून नाही राहिला. हाताचे ठसे येऊन राहिले. दुसरा पेंटर पाहा."

पलीकडून अगदी हळू आवाज आला.

"बोटं कोणत्या बाजूनं हाय?"

"म्हणजे?"

"काचेकडं… का रस्त्याकडं?"

मी पाहिलं. "काचेकडं."

म्हणजे हात ठेवणारं माणूस गाडीच्या समोर उभं होतं, हे मला बोलल्यावर कळलं.

ऊन उतरायच्या आत ते येऊन पोचले. ठशांना हात लावला नाही. टायरच्या ढिगावर बसले.

"कुंदा अशीच उभी राहे," ते म्हणाले. कुंदाबाई म्हणजे त्यांची बायको. "मी पिऊन निघालो का दोन्ही हात टेकून समोर. जाऊ नका म्हणे. मी गाडी रेटली का हटे. रोज हटे. त्या दिवशी… मले वाटलं, आजही हटून जाईल."

"लोकांना काय सांगितलं?"

"विहिरीवर पाय घसरला."

इतक्या दिवसांचा माझा राग कुठल्या कुठं गेला. त्या जागी काय आलं ते सांगता येत नाही. त्यांच्याकडं पाहवेना.

ते उठले. "चाबी दे. घरी नेतो."

इतकी वर्षं बंद पडलेलं इंजिन एका झटक्यात लागलं. त्यांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. रबर जळाल्याचा वास सुटला. सपाट सिमेंट, चाकाखाली वीटही नाही, पण गाडी तसूभर हलली नाही.

"भुपेंद्र," त्यांनी काचेतून समोरच बघत विचारलं, "समोर कोणी हाय का?"

"नाही, काकाजी."

त्यांनी इंजिन बंद केलं, उतरले आणि रस्त्यानं चालू लागले. मागं वळून पाहिलं नाही.

मी बॉनेट घासून रंगाचा शेवटचा एक हात मारला. त्यावर काही उमटलं नाही. बॉनेट आज आहे तसंच आहे, एकसारखं काळं. पण गाडी सरकू लागली. हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये टाकलेली, तरी दुपारी जेवून आलो की शटरकडं, ते चालत गेले त्या रस्त्याच्या दिशेनं, थोडी पुढं आलेली असते. मी मागं ढकलतो. विटा लावतो. दुसऱ्या दिवशी विटांचा भुगा.

हे मी मंजूशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. दुर्गाप्रसादजींना तर नाहीच.

तरी आता रोज दुपारी त्यांचा फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. कुणाला ऐकू जाऊ नये तसं ते एवढंच विचारतात,

"कुठवर आली?"