शर्यतीआधी घेवडा नको

गारा कोसळू लागल्या, तरी केनियातल्या इतेनच्या लाल रस्त्यावर पळणारे पळतच राहिले. एकटा बिवोत तेवढा जेमेलीच्या टपरीच्या पत्र्याखाली शिरला.

"बाकीचे पळतायत, आणि तू इथं?" जेमेलीनं चहा ढवळत विचारलं.

"त्यांनी सकाळी काहीतरी खाल्लं असेल. काय आहे गरम?"

"मका-घेवडा. आत्ताच उतरवलाय."

"घेवडा नको गं बाई!" तो असा दचकला, की जणू तिनं विंचू वाढला होता. "गेल्या वर्षी शर्यतीच्या सकाळी बशीभर खाल्ला होता. अर्ध्या वाटेवर झुडपामागे जाऊन बसावं लागलं. अख्खं गाव अजून चिडवतं."

जेमेली इतकी हसली, की चहा उतू गेला.

त्या दिवसापासून तो रोज येऊ लागला. संध्याकाळी मक्याच्या पिठाच्या उगालीचा जाड गोळा आणि परतलेली पालेभाजी, सकाळी पाव आणि भरपूर दुधाचा गोड चहा. आई लहानपणीच गेलेली, काकाकडे वाढलेला... "आज काय खाल्लंस?" असं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. जेमेलीनं विचारायला सुरुवात केली. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो उत्तर द्यायचं सोडून तिच्याकडे बघतच बसला. जेमेलीला उगाचच टेबल पुसावंसं वाटलं. पुढं तर त्याच्या पोटाचं त्याला कळायच्या आधी तिला कळायला लागलं.

मग शर्यत जाहीर झाली. पहिल्या तिघांना दोन वर्षं इटलीत राहून धावायला मिळणार होतं.

"शर्यतीच्या दिवशी तू वाढशील तेच खाणार," आदल्या संध्याकाळी बिवोत म्हणाला. "मी डोकं चालवणार नाही."

"चालवायला असायला तर हवं!" जेमेली म्हणाली. तो जिंकणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि जिंकला की जाणार.

सकाळी सहाला तो आला. शर्यत नऊला होती. बाहेर धुकं होतं, दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती. चुलीवर गिऱ्हाइकांसाठी मका-घेवडा रटरटत होता. जेमेलीचा हात चहाकडे जायचा तो तिकडे गेला. तिनं बशी भरली आणि त्याच्यापुढे ठेवली. तिला स्वतःची लाज वाटत होती, पण बशी मागं घेववत नव्हती.

बिवोतनं बशीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्यानं चमचा उचलला, भरला... आणि तोंडाशी नेला.

"अरे, वेड लागलंय का तुला?" जेमेलीनं त्याचा हात धरला. घेवडा टेबलावर सांडला. "शर्यत आहे ना आज!"

तिनं पाव कापले, चहात दोन चमचे साखर जास्त घातली, आणि त्यानं शेवटचा घोट घेईपर्यंत त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. जाताना बिवोत नुसता तिच्या खांद्याला हात लावून गेला.

तो दुसरा आला.

दुपारी लाल धुळीनं माखलेला तसाच टपरीत आला, तेव्हा जेमेली रिकामं पातेलं घासत होती. "अभिनंदन," ती मान वर न करता म्हणाली.

"सकाळी घेवडा का वाढलास?"

"तू का खाणार होतास?"

"तू वाढलास म्हणून."

"हरला असतास."

"हो. आणि इथंच राहिलो असतो... तुला तेच हवंय असं वाटलं. मग मलाही तेच हवंसं झालं."

जेमेलीचे हात थांबले. "हवं होतं," ती म्हणाली. "अजूनही आहे. पण तुला झुडपामागे बसवून नको."

बिवोत हसला. मग चाचरत म्हणाला, "परत येणाऱ्याला विमानतळावर घरची बाई मुरसिक पाजते, वाळक्या भोपळ्यात मुरवलेलं दूध. सगळ्यांच्या आया भोपळा घेऊन उभ्या असतील. माझ्यासाठी कोणी नसेल. तू... येशील?"

"मी तुझ्या घरची कुठं आहे?"

"म्हणूनच तर विचारतोय."

पत्र्यावर पुन्हा गारा वाजायला लागल्या. या वेळी बिवोत आधीच आत होता. जेमेलीनं झग्याला हात पुसले, भिंतीवरचा आईचा जुना भोपळा खाली काढला, आणि त्यावरची धूळ फुंकली.

"तिकडून परत निघायच्या आठ दिवस आधी कळव," ती म्हणाली. "दूध मुरायला तेवढे लागतात."