बुधवारची चार नावं

देवाजीच्या पत्राला मुकुंद गिरडकरनं उत्तर दिलं नव्हतं. एक वर्ष आणि नऊ दिवस झाले होते. एरवी असले हिशेब त्याच्या लक्षात राहत नसत. पण कार्डावर भिवापूरच्या टपालाचा शिक्का स्वच्छ उमटला होता, आणि दिवसभर ग्रंथालयात पुस्तकांवर तारखांचे शिक्के मारणाऱ्या माणसाला असा शिक्का विसरता येत नाही.

कार्ड त्यानं शब्दकोशात ठेवलं होतं. वाकड्यातिकड्या अक्षरात मजकूर होता तो एवढाच:

"मुकुंदभाऊले देवाजीचा नमस्कार. बुधवारी आपलं कार्ड वाचलं रेडिओवर. माझं नाव त्याच्यात नव्हतं. मी मायले अन् साऱ्या मोहल्ल्याले बसवलं होतं ऐकाले. लोकं हासले. माझं नाव काहून काढलं गा? उत्तर पाठवजा."

कार्ड हातात देताना पोस्टमन मारोतराव म्हणाले होते, "काय मुकुंदराव, देवाजी रुसला ना तुमच्यावर! आता माह्याकडे असे काय पाहता? कार्ड उघडं असते, वाचाच लागते."

मुकुंद कसनुसं हसला होता. देवाजी परत आला की तोंडानंच सांगू, असं त्यानं ठरवलं. लिहायला बसलं की खरं लिहावं लागलं असतं.

खरं कारण क्षुल्लक होतं. नागपूरच्या महाल भागात बडकस चौकाजवळच्या एका बोळात ओमप्रकाशचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दर बुधवारी संध्याकाळी सहा वाजता तिथं चौघं जमत. ओमप्रकाश, त्याच्याकडे काम करणारा देवाजी, मुकुंद आणि मुकुंदची धाकटी बहीण शोभा. मोडक्या संचांचे सुटे भाग जुळवून देवाजीनं एक रेडिओ उभा केला होता. तो तापायला दोन मिनिटं घेई. मग डायलमागचा पिवळा दिवा लागे आणि कापडाच्या जाळीतून फर्माइशीचा कार्यक्रम सुरू व्हायचा. गाणं कोणतं सरस, कोणत्या कडव्यात बासरी आहे, कोणत्या सिनेमात ते कापलं, यावर ओमप्रकाश आणि शोभा कडाकडा भांडत. मुकुंदला गाण्याचं वेड होतंच. त्याच्याकडे सिनेमागृहाबाहेर मिळणाऱ्या गाण्यांच्या चोपड्यांचा गठ्ठा होता. पण खरं सांगायचं तर त्याला गाण्याच्या आधीचं अर्धं मिनिट जास्त आवडे. कुठल्या कुठल्या गावांच्या माणसांची नावं, एकामागून एक, निवेदकाच्या धीरगंभीर आवाजात. चारचौघांत कधी तोंड न उघडणाऱ्या मुकुंदचं नाव तो आवाज घेई, तेव्हा त्याचे कान गरम होत.

कार्ड लिहायचं काम त्याचं, कारण अक्षर त्याचं. नावं जास्त असली की कार्ड निवडतात, अशी सगळ्याच श्रोत्यांची समजूत होती. कुणी तान्ह्या पोरांची नावं घाली, कुणी गेलेल्या आजोबांची. मुकुंदनं एक नाव रचलं. चारुशीला. अशी कुणी मुलगी त्याच्या ओळखीची नव्हती. खरं म्हणजे कुणीच मुलगी त्याच्या ओळखीची नव्हती. आपल्या नावाला लागून ते नाव ऐकायला त्याला बरं वाटलं, एवढंच.

"दादा, ही चारुशीला कोण रे?" शोभानं विचारलं होतं.

"यादी लांब दिसावी म्हणून."

"यादीच लांबवायची होती तं ओमप्रकाशभाऊंच्या बकरीचं नाव टाकायचं!" त्यावर देवाजी सोल्डरचा धूर हातानं उडवत कितीतरी वेळ हसत बसला होता.

अडुसष्टच्या जानेवारीत रेडिओ केंद्रानं जाहीर केलं: एका पत्रातली चारच नावं वाचली जातील. यादीत पाच होती. देवाजी तेव्हा मिरचीच्या तोडणीसाठी गावी गेला होता. तो तिकडे कुठं ऐकणार, असं म्हणत मुकुंदनं त्याचं नाव गाळलं आणि चारुशीलाचं ठेवलं.

मार्चमध्ये मिरचीचा हंगाम संपला. देवाजी आला नाही.

"आयेगा ना," ओमप्रकाश म्हणाला. "घरची कामं राहतात माणसाले."

जूनमध्ये मुकुंदनं पुन्हा विचारलं. ओमप्रकाशनं डोकं खाजवलं. "कौन, तो भिवापूरवाला? दोन-तीन महिने होता ना आपल्याकडे?"

देवाजी त्या दुकानात पाच वर्षं होता.

दिवाळीच्या सुमारास ओमप्रकाशनं सरळ विचारलं, "कोण देवाजी?"

मुकुंदनं त्याच्या चेहऱ्यावर मिस्कीलपणा शोधला. ओमप्रकाशला थट्टा लपवता येत नसे. त्याच्या मिशा आधी हलत. मिशा हलल्या नाहीत.

"मग हा रेडिओ कोणी बनवला?"

"चारुशीलानं नाही का जुने व्हॉल्व्ह आणून दिले? अन् तू काहून असा पाहून राहिला? यार मुकुंद, पुस्तकं जरा कमी वाचत जा."

त्या संध्याकाळी घरी आला तर शोभा म्हणाली, "चारुशीला येऊन गेली. बरीच वाट पाहिली तिनं तुझी."

"कशी दिसते ती?"

"म्हणजे?" शोभा हसली. "जशी आहे तशीच दिसते ना. काहीतरीच विचारतो."

ओट्यावर दोन कपबश्या पालथ्या घातल्या होत्या. दोन्हींतून पाणी निथळत होतं.

मुकुंदनं नकलांची वही काढली. पाठवलेल्या प्रत्येक कार्डाची नक्कल तो तारखेनिशी ठेवी. पहिलं कार्ड पासष्टच्या ऑगस्टमधलं, चारुशीला रचण्याच्या एक वर्ष आधीचं. त्यावर चार नावं होती: मुकुंद, शोभा, ओमप्रकाश, चारुशीला. अक्षर त्याचंच होतं. खाडाखोड नव्हती. पुढच्या सगळ्या पानांवर तीच चार नावं होती.

तो वही मांडीवर घेऊन बसून राहिला. स्वतःवर विश्वास ठेवायची त्याला मुळातच सवय नव्हती. चुकत असेल तर एकटा मीच चुकत असणार, हे त्याला नेहमी चटकन पटे. देवाजीच आपण रचला असेल का? पण देवाजीच्या उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा चट्टा होता. तो चहात बिस्कीट बुडवून विसरून जाई. कुठल्याही तारेची गाठ तो लाल दोऱ्यानंच बांधी. एवढं सगळं आपल्याला सुचलं नसतं. मुकुंदनं आयुष्यात एकच माणूस रचलं होतं आणि त्याला साधा चेहराही देता आला नव्हता.

शिवाय कार्ड होतं. शब्दकोशातलं ते एक कार्ड बदललं नव्हतं. उत्तर द्यायचं राहिलं होतं म्हणूनच ते उरलं असावं, असं त्याला वाटलं. का वाटलं ते सांगता आलं नसतं.

तरीही त्यानं फेब्रुवारी उजाडू दिला. मग एका बुधवारी तो इतवारी स्टेशनाहून छोट्या रुळांच्या गाडीनं भिवापूरला गेला.

अंगणात मिरची वाळत होती. सगळं आवार लाल होतं आणि हवेत खोकला होता. देवाजीचा मोठा भाऊ कवडू मिरच्यांची देठं खुडत बसला होता. त्याचं नाव मुकुंदनं देवाजीकडून शंभरदा ऐकलं होतं.

"भाऊ? मले नाही गा साहेब भाऊ. मी एकलाच हाओ," कवडू म्हणाला. "कोण्या दुसऱ्याचं घर असन."

दाराशेजारच्या कोनाड्यात एक ट्रान्झिस्टर होता. त्याची एरियलची तार आढ्यापर्यंत गेली होती. जोडावर लाल दोरा होता.

"हा कोणी बांधून दिला?"

कवडूनं वर पाहिलं. "काय माहीत. पयलेपासूनच हाय."

सहा वाजत आले तशी त्याची आई, पार्वतीबाई, आतून आली आणि कोनाड्यासमोर बसली. तिनं पदर सारखा केला, लग्नाच्या मांडवात बसावं तसा. कवडूनं रेडिओ लावला आणि हळूच मुकुंदला म्हणाला, "बुधवार आला का मायचं हे असं हाय. गाणे नाही आयकत. नावंच आयकते. मी म्हणतो, कोणाचं नाव पाहिजे वं माय तुले? तं तिले सांगता नाही येत. दोन घास कमी जेवते त्या दिवशी."

यादी सुरू झाली. म्हातारीचे ओठ प्रत्येक नावाबरोबर हलत होते. नावं संपली, गाणं लागलं, आणि ती उठली. जाताना मुकुंदसमोर थांबली.

"तुमी शिकलेले दिसता," ती म्हणाली. "आपल्यातलं कोणी होतं का गा त्याच्यात?"

मुकुंदनं तारेवरच्या लाल दोऱ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरला परतल्यावर त्यानं कोरं कार्ड घेतलं. मुकुंद, शोभा, ओमप्रकाश, देवाजी. चारुशीला गाळली. शाई वाळायला कार्ड टेबलावर ठेवलं आणि तो हात धुवायला न्हाणीत गेला.

परत आला तेव्हा कार्डावर चार नावं होती. मुकुंद, ओमप्रकाश, देवाजी, चारुशीला.

शाई ओली होती. अक्षर त्याचं होतं.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला होता.

"शोभा?"

तो स्वयंपाकघराच्या दाराकडे वळला.

"शोभा!"

बऱ्याच वेळानं ती दारात आली. हात ओले होते. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग मागं वळून पाहिलं.

"कोणाला हाक मारली?" तिनं विचारलं.

त्यानं कार्ड फाडलं. चार तुकडे केले, आठ केले.

शोभानं कपाळाला हात लावला. "चक्कर आली होती का मला? दादा, तुझा चेहरा असा काहून झाला?"

"काही नाही. जा तू."

दोन घरं त्याच्या डोळ्यांसमोर होती. एका घरात एक म्हातारी पदर सारखा करून बसली होती. दुसऱ्या घरात भांडी घासण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. जागा चारच होत्या, आणि चारुशीला आपली सोडत नव्हती.

त्यानं दुसरं कार्ड घेतलं. देवाजी, शोभा, ओमप्रकाश, चारुशीला.

लिहून झाल्यावर तो मुद्दाम खिडकीबाहेर पाहत राहिला. शंभरपर्यंत अंक मोजले. मग वळून पाहिलं.

काही बदललं नव्हतं.

मग तिसऱ्या कार्डावर त्यानं उत्तर लिहिलं. "प्रिय देवाजी, तुझं नाव मीच काढलं होतं. कारण सांगण्यासारखं नाही, लाज वाटते. पुढच्या बुधवारी आईला रेडिओसमोर बसव. सगळ्या मोहल्ल्याला बसव. उत्तराला उशीर झाला. तुझा, मुकुंद."

तो बाहेर निघाला तेव्हा शोभा चहा गाळत होती. तिनं दोन कप भरले. त्याला थांब म्हणाली नाही.

घराच्या बोळाच्या तोंडाशी मारोतराव लाल पेटी उघडून पत्रं पिशवीत भरत होते. मुकुंदनं दोन्ही कार्डं त्यांच्या हातात दिली. मारोतरावांनी सवयीनं वरचं वाचलं.

"कार्ड उघडं असते, वाचाच लागते," ते ओशाळून म्हणाले. "साहेब, खाली सही राहिली तुमची."

मुकुंदनं पाहिलं. 'तुझा' नंतर स्वल्पविराम होता. पुढं कोरं होतं.

"असू द्या," तो म्हणाला. "त्याला कळेल."

मारोतरावांनी कार्डं पिशवीत टाकली. मग चष्मा वर करून त्याला नीट न्याहाळलं. बोळात नव्या आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं आदबीनं त्यांनी विचारलं, "कोणाकडे आले तुम्ही?"

मुकुंदनं हात वर करून आपल्या घराचं दार दाखवलं. "गिरडकरांकडे."

"अस्सं," मारोतराव म्हणाले आणि त्यांनी पिशवीचं तोंड दोरीनं आवळलं. "त्या दोघी बहिणींकडे."