पिवळ्या केळ्याशेजारी पिवळी बस

छकुली गायब झाली तेव्हा टिवल्याच्या हातात अर्धं केळं होतं. सुट्टीतल्या वर्गाची खाऊची वेळ संपली, सगळी पोरं मातीकामाला बसली, आणि छकुलीची जागा रिकामी.

ताई ताडकन उठली. छकुली तिची सात वर्षांची धाकटी बहीण. तिला ऑटिझम आहे. बोलते मोजकं, गोंगाट झाला की कान झाकते, आणि पुढे काय होणार ते आधी कळलं नाही तर कासावीस होते. म्हणून भिंतीवर तिच्यासाठी चित्रांची रांग लावलेली: गाणं, खाऊ, माती, बस, घर. बघायचं आणि तसं करायचं.

मोठ्या बाई हाका मारून मारून घसा बसवून घेत होत्या. असली जोखीम आपल्याला झेपायची नाही, उद्यापासून तिला घरीच ठेवा, असं ताईला सांगूनही मोकळ्या झाल्या.

"बाई, ती उगाच कुठे जात नाही," ताई म्हणाली. "तिला कुणीतरी जायला सांगितलंय."

ताईची चष्मेवाली मैत्रीण, दुर्बीण, भिंतीला नाक लावून उभी होती. "रंग ओला आहे," ती म्हणाली.

सकाळी रंगारीकाकांनी भिंत रंगवायला चित्रं उतरवली होती. परत लावताना, जरा बरं दिसावं म्हणून, रंगाला रंग जुळवला. खाऊच्या पिवळ्या केळ्याशेजारी पिवळी बस, मग घर. माती बिचारी पार टोकाला.

ताई, दुर्बीण आणि त्यांचा दोस्त टिवल्या अशी तिघं सुटली ती थेट फाटकाकडे. बस घरघरत होती. ड्रायव्हरकाका ती गॅरेजात न्यायला निघालेले. आत कुणी नाही, मी काय आंधळा आहे का, म्हणत त्यांनी ताईला बाजूला व्हायला सांगितलं.

"काका, मागच्या टायरला केवढा खिळा!" टिवल्या ओरडला.

इंजिन बंद. काका खाली, ताई वर.

छकुली शेवटच्या सीटखाली होती. कानांवर हात, अंग मागेपुढे झुलतंय. तेवढ्यात धापा टाकत बाई आल्या आणि तिला ओढायला वाकल्या. ताईने हात आडवा घातला. ओढलं तर ती आणखी आत शिरेल, आणि चारजण एकदम बोलले तर तिला एकाचंही कळायचं नाही. ताई स्वतः दोन हात लांब, खाली फतकल मारून बसली. छकुलीकडे टक लावून बघितलंसुद्धा नाही.

"छकुली. आधी माती. मग बस."

ताई मनात आकडे मोजत थांबली. पुन्हा बोललं की छकुलीला पहिल्यापासून ऐकावं लागतं, हे त्यांच्या घरात सगळ्यांना पाठ.

"बस. मग घर," सीटखालून आवाज आला.

झाली पंचाईत. पोरीचं काय चुकत होतं? भिंतीने तसंच सांगितलं होतं.

दुर्बीण न सांगताच पळाली आणि चित्रं घेऊन आली. ताईने ती चुकीच्या रांगेतच मांडली. "हे चुकलं. मोठ्यांचं चुकलं. तू लाव."

ताई पुन्हा आकडे मोजू लागली. बाईंनी तोंडावर हात धरलेला. मग एक छोटा हात बाहेर आला. माती उचलली, केळ्याशेजारी ठेवली. बस मागे सरकवली. कडेला कड जुळवली. मग छकुली बाहेर आली, पायऱ्या उतरली आणि कुणाकडेही न बघता मातीकामाला निघून गेली.

मोठ्या बाई मटकन सीटवर बसल्या. "वीस वर्षं शिकवतेय गं," त्या ताईला म्हणाल्या, "पण थांबायचं कसं ते आज तू दाखवलंस." मग हळूच, "उद्या तिला नेहमीच्या वेळेला आण."

तेव्हा कुठे ताईच्या जिवात जीव आला.

"अरे, तो खिळा कुठाय?" बसखालून ड्रायव्हरकाका विचारत होते. टिवल्या उरलेलं केळं खाण्यात फार गुंतला.

रंगारीकाकांनी त्याच दिवशी सगळ्या चित्रांवर ठळक आकडे घातले. आणि दुसऱ्या दिवशी बसच्या स्टिअरिंगसमोर एक नवं चित्र आलं: सीटखाली वाकून बघणारा मिशीवाला माणूस. काढलं टिवल्याने, लावलं छकुलीने, अगदी सरळ. आता ड्रायव्हरकाका वाकून बघत नाहीत तोवर छकुली दारात उभी राहते. बसतच नाही.