एका पिशवीची ओळख

"पेशंट कुठाय?" रक्तपेढीच्या खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं.

"मीच."

आता त्यानं मान वर केली. "पेशंटनं खाटेवर पडायचं असतं, आणि रांगेत नातेवाइकांनी उभं राहायचं असतं. भिंतीवर लिहिलंय."

"नातेवाईक चंद्रपूरला आहेत. भिंतीवरचं तिथनं दिसत नाही."

एवढं बोलली आणि द्वारकानं खिडकीचा गज घट्ट धरला. डोळ्यांपुढं अंधारी आली होती, पण पुणेकरासमोर पडायचं नाही, एवढा ताठा तिच्यात होता.

तो धावत बाहेर आला. तिला बाकावर बसवलं, हातात पाण्याची बाटली दिली. "प्या. सगळी प्या."

हा दत्तप्रसाद. आणि ही द्वारका, कोथरूडच्या एका कॉम्प्युटर कंपनीत जुन्या प्रोग्रामांतली दोन आकडी सालं चार आकडी करायला बसलेली. नव्याण्णव संपून दोन हजार उजाडलं की यंत्रं शतक विसरणार, म्हणून कंपनीनं गावोगावची हुशार पोरं गोळा केली होती. हिला लहानपणापासून सिकल सेल. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकायच्या, सांधे ठणकायचे, अंगातलं रक्त उतरायचं. आजवर निभावलं होतं. पुण्यात येऊन पहिल्यांदाच डॉक्टरीणबाईंनी रक्ताची चिठ्ठी लिहून दिली होती.

"बी निगेटिव्ह," दत्तप्रसाद चिठ्ठी वाचून म्हणाला. "आणखी दुर्मिळ काही नाही सापडलं तुम्हाला?"

"नाही आहे का?"

"फ्रिजमध्ये नाही." त्यानं शर्टाची बाही वर सारली. "माझ्यात आहे."

तिच्या आयुष्यातली ती पहिली पिशवी. थेंब थेंब आत जात होता आणि संध्याकाळपर्यंत तिच्या गालांवर रंग आला. तो दोनदा बघून गेला. म्हणे नियम असतो. असा नियम कुठल्याच भिंतीवर नव्हता.

मग तो भेटत राहिला. कधी कंपनीच्या फाटकाशी, कधी बसस्टॉपवर, आणि दर वेळी हातात पाण्याची बाटली.

"फुलं आणतात लोक," ती म्हणायची.

"फुलांनी रक्त पातळ राहत नाही. प्या."

एका रविवारी लक्ष्मी रोडवर भुरभुर पाऊस आला आणि दोघं एका साड्यांच्या दुकानाच्या पडवीत उभी राहिली. काचेआड लुगडी, पैठण्या मांडल्या होत्या. तिनं विचारलं, "तुम्ही त्या नळ्यांत काय जुळवत असता दिवसभर?"

"काठ," तो म्हणाला. "तांबड्या पेशीला अंगभर बारीक नक्षी असते, साडीला काठ असतो तशी. तिला अँटिजेन म्हणतात. बी, निगेटिव्ह हे ठळक काठ. बाकी शंभर बारीक. आपल्या पांढऱ्या पेशी गस्त घालतात. ओळखीचा काठ दिसला तर जाऊ देतात, परका दिसला तर त्याच्याच मापाचे आकडे, म्हणजे हुक, घडवतात, तेवढ्याच काठात अडकतील असे. ते आकडे म्हणजे अँटिबॉडी."

"मग तुमचा काठ कसा चालला मला?"

"पाहुणा होता. पहिल्या खेपेला कोण काय बोलतं?"

"आणि दुसऱ्या खेपेला?"

"दुसऱ्या खेपेला… पाहुणा राहायलाच येईल म्हणतो." एवढं बोलून तो रस्त्याकडं बघायला लागला. कान मात्र तांबडे झाले होते. द्वारकानं बाटलीतलं पाणी प्यायलं, न सांगता. हेच तिचं उत्तर होतं, आणि त्याला ते कळलं.

भाद्रपदात तिला ताप आला आणि रक्त पुन्हा उतरलं, या खेपेला हिमोग्लोबिन थेट पाचावर. तिला भीती वाटलीच नाही. दत्ता होता ना. तो हसतच आला. "मागचं रक्त देऊन तीन महिने कधीच होऊन गेले. पिशवी घरचीच आहे."

नियम म्हणून त्यानं आधी नळीत दोन थेंब घातले, एक त्याच्या तांबड्या पेशींचा, एक तिच्या रक्तातल्या पिवळ्या पाण्याचा. ऊब दिली, धुतलं, औषधाचा थेंब टाकला, नळी हलकेच तिरकी केली.

त्यानं नळी उजेडात धरली, मग पुन्हा धरली.

"काय झालं?" द्वारका चाकाच्या खुर्चीत होती.

"थांब… परत करतो."

त्यानं तीनदा केलं. तिन्ही वेळा तळाशी रवाळ गुठळ्या, डाळिंब चुरडल्यासारख्या.

"नळी दुसऱ्या कुणाची असेल."

"चिठ्ठी मी चिकटवलीय, द्वारका. माझ्या हातानं." त्यानं नळी खाली ठेवली. "तुझ्या अंगानं माझ्या मापाचे आकडे केलेत. माझा तो बारीक काठ तुझ्यात नाही. इथल्या दहातल्या सातजणांत आहे. मी नसतं दिलं तर…"

"तर मी खिडकीशीच मेले असते."

पण त्याला ते ऐकू गेलं नाही. आठ दिवस तो पुणं पालथं घालत होता. आधीच बी निगेटिव्ह कुठं मिळेना. ज्या पाच पिशव्या मिळाल्या त्या सगळ्या नळीत गोठल्या. द्वारकाला मान उचलवेना. तो खाटेशी बसायचा, चमच्यानं पाणी पाजायचा, आणि त्याच्या हाताकडं बघताना तिला वाटायचं, या माणसाचं काही म्हणून आता माझ्यात येऊ शकत नाही.

नवव्या दिवशी चंद्रपूरहून तिचा थोरला भाऊ महिपती उतरला. त्याचं जुळलं. धाकट्याचंही जुळेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्ताचे काठ घराण्यात चालतात. महिपतीनं बहिणीची बॅग भरायला घेतली. "काऊन थांबतं इथं? मरायला?"

स्टेशनवर दत्तप्रसाद म्हणाला, "मी येतो चंद्रपूरला. रक्तपेढ्या तिथंही आहेत."

"मी डॉक्टरीणबाईंना विचारलं." द्वारका हळू बोलत होती. "आपलं लेकरू तुझा काठ घेऊन पोटात आलं, तर माझे हे आकडे त्याच्यापर्यंत जातात, त्याचं रक्त मोडतात. होईलच असं नाही म्हणाल्या. पण होऊ शकतं."

"मला लेकरू नको."

"मला हवंय, दत्ता."

ती खोटं बोलली असती तर त्यानं पकडलं असतं. गाडी सुटताना त्यानं खिडकीतून पाण्याची बाटली दिली, आणि प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं एक छोटं कार्ड.

दोन वर्षं गेली. स्थळं आली, आजार ऐकून परत गेली. लेकराची गोष्ट द्वारकानं मनातल्या मनात मिटून ठेवली. मग पुन्हा रक्त लागलं. धाकट्याला कावीळ, महिपती गडचिरोलीच्या कामावर. चंद्रपूरच्या रक्तपेढीतला तरुण नळी उजेडात धरून म्हणाला, "ताई, तुमच्या रक्तात अँटिबॉडी काहीच नाही. कोणतीही बी निगेटिव्ह चालते."

काहीच नाही. म्हणजे अंगसुद्धा त्याला विसरलं. द्वारका भिंतीकडच्या बाकावर टेकली. दोन वर्षांत ती रडली नव्हती, तेवढी त्या बाकावर रडली. तो पोरगा पिशवी घेऊन आला.

"थांबा." तिनं पाकीट उघडलं. कार्डाच्या कडा झिजल्या होत्या. वर अँटिबॉडीचं नाव होतं, खाली त्याचं वळणदार अक्षर.

'हळूहळू हे नळीत दिसेनासं होईल. तेव्हा कुणाचंही ऐकू नकोस. काही पेशी म्हाताऱ्या होतात, पण पाहिलेला काठ विसरत नाहीत. तसा एक थेंब जरी आत गेला, तरी सगळे आकडे पुन्हा उभे राहतील. या काठाचं रक्त कधीही घेऊ नकोस. पाणी पी.'

पोरानं दोनदा वाचलं आणि हातातली पिशवी निमूट परत ठेवली. "वाचलात ताई. हा काठ नसलेली पिशवी शोधतो. कुणी लिहून दिलं हे?"

"ज्याचा काठ आहे, त्यानंच."

तिनं कार्ड पाकिटात ठेवलं, बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी प्यायली. सगळं.