काठोकाठ भरलेला हौद

"शेजारी बसेल त्यानं फाटकं उघडायची," जुनी पिकअप सुरू करत ब्रायडीनं टोबीला बजावलं. "आणि फाटक जसं सापडेल तसंच सोडायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद."

"किती वेळा सांगशील?" टोबी वैतागला. तो वडिलांबरोबर, म्हणजे मर्वकाकांबरोबर, अ‍ॅडलेडहून ऐन उन्हाळ्यातल्या नाताळच्या सुट्टीला आला होता. ब्रायडी जेमतेम बारा वर्षांची; पण आमच्या लाल मातीच्या मुलखात पाय ब्रेकपर्यंत पोचले की गाडी हातात येतेच. मागे तिचा धाकटा भाऊ फर्गस आणि स्मज कुत्रा बसले होते. आईबाबा गुरं हाकायला लांब गेले होते. मेंढ्या मर्वकाकांच्या भरवशावर!

उत्तरेच्या पवनचक्कीखालचा हौद काठोकाठ भरला होता. काका सकाळी तो बघून खुशीत परतले होते.

ब्रायडीच्या कपाळावर मात्र आठी पडली. "एवढ्या उन्हात भरलेला कसा?"

"पाणी आहे, हे वाईट का?" टोबीनं विचारलं.

"अरे शहाण्या, प्यायला कुणी आलंच नाही म्हणून भरलाय. ताजा खूर दिसतोय का एक तरी?"

चिखलात फक्त काकाकुव्यांची पावलं होती. फर्गसचा चेहरा उतरला. बाटलीनं दूध पाजून वाढवलेली त्याची मफिन त्याच कळपात होती.

ब्रायडीनं रेडिओवरून काकांना विचारलं. "तहान लागली की येतील चालत," काका जांभई देत म्हणाले. "तुम्ही जेवायला या."

जेवण गेलं उडत. कुंपणाच्या कडेनं पिकअप धावली. मधलं फाटक, जे उन्हाळाभर उघडंच असतं, ते साखळी लावून बंद होतं आणि पलीकडे सगळा कळप त्याला रेटून उभा होता. एकही मेंढी ओरडत नव्हती. तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

टोबी साखळीकडे धावला. ब्रायडीनं त्याची कॉलर धरली. "सगळ्या एकदम सुटल्या तर हौदावर एकमेकींना चेंगरून मरतील!"

तिनं फाटक हातभर उघडलं. स्मजनं कळप मागे रोखला. फर्गसच्या हाकेसरशी मफिन लडखडत पुढे आली आणि तिच्यामागून थोड्या थोड्या मेंढ्या सुटल्या. आडव्या झालेल्यांना टोबीनं गाडीतल्या कॅनमधलं पाणी आपल्या नव्याकोऱ्या टोपीतून पाजलं. उन्हं कलेपर्यंत हेच चाललं होतं, पण एकही मेंढी दगावली नाही.

मग टोबीला फाटकाजवळ चाकांच्या रुंद खुणा दिसल्या. "आमच्याच गाडीच्या आहेत," तो म्हणाला. "मीच सांगेन."

संध्याकाळी आईबाबा परतले आणि त्यानं खरंच सगळं सांगितलं. मर्वकाका गोरेमोरे झाले. "परवा तिकडून येताना लावलं मी. उघडं दिसलं म्हणून, शिस्तीत..."

बाबांनी टोबीची चिखलानं माखलेली टोपी हातात घेऊन पाहिली. "भरलेला हौद बघून मीसुद्धा खुशीत परतलो असतो," ते म्हणाले. आमच्या बाजूला कौतुक कुणी फारसं बोलून दाखवत नाही. ब्रायडीचे कान लाल झाले.

"मर्व," बाबा पुढे म्हणाले, "उद्यापासून गाडी ब्रायडी चालवेल. तू शेजारी बस. फाटकं उघडायला."