बोक्याचा श्वास

स्टुडिओत तिला सगळे कात्रीबाई म्हणत. निवेदक असो नाहीतर गायक, माणूस बोलता बोलता श्वास घेतो, खाकरतो, ओठ चाटतो. ते सगळं कापून आवाज स्वच्छ करायचा, हे तिचं काम. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे तीच सगळ्यांना ऐकवायची.

याच सवयीनं तिचा घात केला. युद्धावर निघताना मुलानं, तिच्या लाडक्या बोक्यानं, आपल्या आवाजात निरोप पाठवला होता. हिनं सवयीनं तोही साफ केला आणि मूळ पुसून टाकला. पोरगा परत आला नाही. मग ती निरोप ऐकायला बसली, तर शब्द सगळे जागच्या जागी, पण तिचा बोका त्यात कुठेच नव्हता. पुढच्या तुटक्या दातातून बारीक शीळ घातल्यासारखा श्वास घ्यायचा तो. नेमका तोच तिनं कापून फेकला होता. पुन्हा एकदा तो ऐकायला मिळावा, एवढंच आता तिला हवं होतं.

अशात चौकातल्या युद्धस्मारकासाठी कविता रेकॉर्ड करायचं काम आलं. वाचायला खुद्द कविराजच आले. सत्तरी उलटलेली, पण आवाज काय खणखणीत! काचेपलीकडच्या खोलीत ते उभ्यानंच वाचत होते. मागची खुर्ची रिकामी होती.

"हसत हसत मृत्यू वरला, भय तयांना ठाऊक नव्हते..."

"काहीतरीच!" काचेच्या अलीकडे ती पुटपुटली. "भय ठाऊक नव्हतं म्हणे. आमचा बोका पाल दिसली की बुटांसकट पलंगावर चढायचा. वीस वर्षांचा घोडा झाला तरी!" वर उभा राहून तो विचारायचा, "गेली का गं?" ती चादरीच्या नावानं शंख करत पाल हाकलायची. 'गेली रे, उतर खाली' असं तिनं म्हटल्याशिवाय स्वारी काही उतरत नसे.

दुपारी ती कापायला बसली. त्या ओळीच्या आधी एक श्वास होता. कापला. पुन्हा ऐकलं, तर श्वास होताच. हात चुकला असेल म्हणून परत कापला. या वेळी तो आणखी लांबला आणि त्याच्या मागे खुर्ची करकरली. तिनं वायरी तपासल्या, दुसऱ्या मशीनवर लावून पाहिलं. तेच. बाकीच्या कवितेत साधी खरखरसुद्धा नव्हती.

मग तिनं हेडफोन कानांवर घट्ट दाबले. श्वासात बारीक शीळ होती.

तेवढाच तुकडा तिनं पुन्हा पुन्हा लावून ऐकला. मग तिनं कविराजांना बोलावून घेतलं.

"हा श्वास माझा नाही, बाई," ते म्हणाले.

"नाहीच."

"मग कापा की."

"माझ्या गेलेल्या पोराचा आहे तो. एकदा कापला. आता कुणी मानेवर सुरी ठेवली तरी कापणार नाही."

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. आता ती ओळच ऐकू येईना. तिच्या जागी नुसता श्वास, घाबरलेला, अडखळणारा. कविराजांनी कपाळावरचा घाम पुसला.

"मी युद्ध कधी पाहिलं नाही हो," ते म्हणाले. "लहानपणी पाठ केलेल्या कवितांमध्ये सगळे हसतच मरायचे. मीही तसंच लिहीत आलो. राहू द्या हे असंच."

उद्घाटनाला लख्ख ऊन होतं. चौक माणसांनी फुलून गेला होता. पुढच्या खुर्च्यांवर गेलेल्या मुलांचे आईबाप. कविता सुरू झाली. ती ओळ यायची वेळ झाली आणि कर्ण्यांतून श्वास आला.

पहिल्या रांगेतला एक बाप उभा राहिला. मग त्याच्या शेजारची बाई. मग सगळेच.

श्वास थांबला.

"गेली का गं?"

कात्रीबाई ताडकन पुढे झाली. लाज नाही, संकोच नाही. चौक दणाणेल अशा आवाजात ती ओरडली, "गेली रे बाळा! उतर खाली!"

कर्ण्यांतून श्वास सुटला. लांब, सैल, निवांत. पुढची कविता कुणी ऐकलीच नाही. लोक रडत होते, टाळ्या वाजवत होते, आणि कविराज सगळ्यांत मोठ्यानं. तिला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. फेकून दिलेलं पोर तिनं परत मिळवलं होतं, घाबरट होतं तसंच्या तसं, आणि आता त्याला कुणाचा बाप कापू शकणार नव्हता.

त्याच आनंदात ती स्टुडिओवर परतली. सकाळी स्वतः लावलेलं कुलूप काढलं आणि काचेपलीकडच्या खोलीतला दिवा लावला.

खुर्चीच्या गादीवर बुटांचे दोन ठसे होते. खाली फरशीवर आणखी, दारापर्यंत आलेले, तिच्या चपलांसमोर थांबलेले.

चिखल अजून ओला होता.